फळमाशीची गाठ आणि आईची तपासणी

मुलींच्या एचपीव्ही लशीची चर्चा सुरू आहे. त्यामागच्या विज्ञानाचा एक धागा केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाशीपर्यंत जातो.

शरीराच्या अस्तरातल्या पेशीला वरची आणि तळाची बाजू असते. ही दिशा सांभाळणारी ‘स्क्रिबल’, ‘डिस्क्स लार्ज’ ही जनुके फळमाशीत सापडली. ती निकामी झाली की अळीतला पेशींचा एकेरी थर मोडतो, पेशी एकमेकींवर चढतात, गाठ वाढते. अशा पेशी मोजक्याच असतील, तर निरोगी शेजारणी त्यांना संपवतात. मात्र त्यांच्यात ‘रास’ जनुकही बिघडले तर गाठ पसरते, हे २००३ मध्ये दिसले. एका बिघाडावर भागत नाही.

एचपीव्हीच्या घातक प्रकारांचे ‘ई६’ प्रथिन माणसातल्या याच दोन प्रथिनांचा नाश घडवते (इतरही उद्योग करते). तरी संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहाहून अधिक वर्षे जातात. तपासणीला संधी मिळते ती इथे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

उपनगरातल्या आमच्या ओपीडीत लेकीच्या लशीची चौकशी करणाऱ्या आईला मी विचारतो, ‘ताई, तुमची तपासणी कधी झाली?’ बहुतेकींची झालेलीच नसते.