अनुदान मागून घ्या, पण माप आधी मागा



शिरगावच्या बैठकीला जमणारे आपण बहुतेक कोरडवाहू. मावळ हा भाताचा मुलूख. कापूस-ज्वारीवाले आपण इथे पाहुणे. पण फवारणीचा ड्रोन आता गावोगाव भाड्याने फिरू लागला आहे. एकराचा दर काय, एवढे विचारून आपण गप्प बसतो. या अंकात दुसरा प्रश्न विचारायचा आहे : यंत्राचे माप कोणी तपासले?

ड्रोनला आमचा विरोध नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढ्या कपाशीत औषधाच्या धुक्यातून चालणाऱ्या माणसाला बाहेर काढणारे यंत्र आम्हाला हवेच आहे.

पण हिशेब समजून घ्या. पाठीवरच्या पंपाला एकरी 200 लिटरच्या आसपास पाणी लागते, ड्रोन तेच काम 10 लिटरमध्ये उरकतो. औषधाची मात्रा तीच, म्हणजे द्रावण 20 पट कडक. पंपावर खपून जाणारी चूक इथे पीक जाळते. टाकी भरणाऱ्याच्या अंगावर उडालेला शिंतोडाही तितकाच कडक. हातमोजे आणि चष्मा त्यालाही हवाच.

ड्रोन सेकंदाला 4 मीटर वेगाने गेला आणि पट्टा 4 मीटर रुंद पडला, तर वळणे सोडून एकराला सव्वाचार मिनिटे लागतात. तेवढ्यात 10 लिटर पडायचे तर चार नोझलमधून मिळून मिनिटाला सुमारे 2.4 लिटर, म्हणजे प्रत्येकातून 600 मिली आले पाहिजे. टाकीत साधे पाणी भरा, प्रत्येक नोझलखाली भांडे धरा आणि एक मिनिट मोजा. एकातून 450 आले तर ते तुंबले आहे, 750 आले तर झिजले आहे. पडद्यावर एकूण आकडा बरोबर दिसेल. कोणता पट्टा उपाशी राहिला ते भांडेच सांगेल.

‘आपोआप उडतो’ म्हणून चालकाने हात बांधून बसायचे नाही. ड्रोन आखून दिलेल्या हद्दीतून उपग्रहाच्या आणि होकायंत्राच्या आधाराने जातो. ट्रॅक्टर, पत्र्याची शेड किंवा विजेच्या डीपीजवळ होकायंत्र जुळवले तर ते चुकते. बांधावरची बाभूळ आणि विजेची तार हद्द आखताना दाखवली नसेल तर तिच्यावर विसंबू नका. शेताला आधी पायी फेरी मारा. वारा असेल तर काम थांबवा. फुगलेली बॅटरी आणि तडा गेलेला पंखा वापरू देऊ नका.

आणि सर्वांत मोठा धोका टाकीत असतो. ज्वारीतल्या रुंद पानांच्या तणावर टू-फोर-डी मारतात. ज्वारी ते सोसते, कपाशी सोसत नाही. त्याचा अंशही कपाशीवर गेला तर पाने भेंडीसारखी चिरटतात आणि पाते-फुले गळतात. काल ज्वारीवर गेलेली टाकी आज नुसती विसळून तुमच्या कपाशीवर आली, तर वर्षाचे पीक गेले. दोष मात्र बियाण्याला नाहीतर नशिबाला लागेल.

2023 साली केंद्र सरकारने 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. त्यात किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये साहाय्य आणि 15 दिवसांचे प्रशिक्षण ठरले. आपल्या बहिणींच्या हाती यंत्र येते याचा आनंद आहे. पण दुरुस्ती आणि सुटे भाग तालुक्याला मिळाले नाहीत तर ऐन फवारणीत ड्रोन पेटीत पडून राहील आणि नाव बहिणींचे खराब होईल.

2021 च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल असे भाग केले आहेत. शिरगावहून देहूरोडची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर आहे. इथे प्रात्यक्षिक करायचे तर आधी सरकारी नकाशा पाहावा लागेल. आपापल्या गावीही तोच नियम.

म्हणून बैठकीपुढे चार ठराव ठेवत आहोत :

1. फवारणीआधी शेतकऱ्यासमोर साध्या पाण्याने नोझलचे माप.
2. तणनाशकाची टाकी व नळ्या वेगळ्या. आदल्या कामाचे पीक व औषध नोंदवहीत.
3. चालकाचा परवाना व ड्रोनचा नोंदणी क्रमांक दाखवल्याशिवाय उड्डाण नाही.
4. नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, ते आधी लेखी.

बाजारात काटा मारणाऱ्याला आपण पकडतो. आकाशातून मारला जाणारा काटाही पकडायला शिकूया. बैठकीला येताना गावात फवारणीचा काय अनुभव आला, तो लिहून आणा.