कारकुनाला शिकवणार कोण?

कोर्टातली फायलिंगची खिडकी हीच आम्हा वकिलांच्या कारकुनांची शाळा होती. दावा आत सरकवला की पलीकडचे साहेब चष्म्यावरून बघायचे, कोर्ट फी तपासायचे, वकीलपत्रावर कुणाची सही राहिली ते दाखवायचे आणि चार माणसांत सुनवायचे, ‘पत्ता अर्धवट घालून बेलीफाला गावभर फिरवताय होय?’ ते ऐकलेला माणूस पुन्हा पत्ता अर्धवट घालत नसे. मी कोल्हापुरात एका दिवाणी वकिलांकडं कारकुनी करतो. मला वर्गात बसवून कुणी शिकवलं नाही. खिडकीनं शिकवलं, नक्कल विभागानं शिकवलं आणि नाझर कार्यालयातल्या बोलण्यांनी शिकवलं.

आता दावा पोर्टलवर चढतो आणि त्रुटी पडद्यावर येते, दोन-चार शब्दांत. ऑफिसातला नवा पोरगा हुशार आहे. पीडीएफ जोडतो, पानं लावतो, पुन्हा चढवतो, त्रुटी जाते. ती का निघाली होती हे मात्र त्याला कळत नाही, कारण सांगायला समोर माणूस नाही. ई-फायलिंगला माझा विरोध नाही. सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. त्यासाठी जिने चढून बोर्ड बघायला जाण्यात काही थोरवी नव्हती. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रानं २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. स्कॅनर येतील, सर्व्हर येतील, चांगलंच आहे. पण माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पोराला मुदत मोजायला शिकवणं हे पोर्टलचं काम नव्हे. ते वकीलसाहेबांचं आणि बार असोसिएशनचं काम आहे, आणि ते कुणी अंगावर घेत नाही, हे माझं गाऱ्हाणं.

मुदतीचंच घ्या. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत, एवढं सगळ्यांना पाठ असतं. नकलेला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ नं वजा होतात, हेही ऐकलेलं असतं. खरी गोम पुढं आहे. नकलेच्या मागं शिक्का असतो: अर्ज कधी दिला, नक्कल तयार कधी झाली, नेली कधी. नक्कल २५ तारखेला तयार झाली आणि आपण ती पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला आणली, तर मधले दिवस आपल्याच अंगावर पडतात. अर्ज द्यायला जेवढा उशीर केला, तेवढे दिवसही गेलेलेच. नवा पोरगा नेमकी नेल्याची तारीख धरून हिशेब करतो, कारण ती सगळ्यात शेवटी असते. चेक परत आल्याच्या प्रकरणातही तेच. बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला, ते संपले की फिर्यादीला एक महिना. अपिलात किंवा फिर्यादीत दोन दिवस इकडंतिकडं झाले तर साहेबांना उशीरमाफीचा अर्ज लिहीत बसावं लागतं आणि पक्षकार विचारतो, फी कशाची घेतली?

जुन्यांनीही फार मिशीला पीळ देऊ नये. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले आणि आमची पाठांतरं एका रात्रीत मोडीत निघाली. गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जायचं ते ४८२ खाली, असं हाताला वळण होतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन; रद्द करण्याचा अर्ज गेला ५२८ वर. पोटगीचं १२५ आता १४४ झालं. पक्षकार मोबाईलमधले व्हॉट्सॲपचे फोटो घेऊन येतो, तेव्हा साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चा दाखला जोडायचा असतो. त्याचे दोन भाग. एक पक्षकारानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची. हे पोरांनी मला शिकवलं. मूळ फोन विकू नका, त्यातलं काही पुसू नका, हे पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगायचं मात्र मी त्यांना शिकवलं.

त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षं मागितलं होतं, मिळालं, आनंदच झाला. पण इथल्या कारकुनाचा हात दाव्याला, दरखास्तीला, निशाणी ५ च्या मनाई अर्जाला बसलेला. उच्च न्यायालयाचं काम तोवर मुंबईतले कारकून बघायचे. आम्ही कागद पाठवायचो आणि फोनवर ‘झालं का?’ विचारायचो. तिथला सिनॉप्सिस, तिथली पृष्ठांकनं, स्टॅम्प नंबर पडल्यावर त्रुटी काढून नोंदणी क्रमांक मिळवायची पद्धत, सगळं निराळं. वकिलांसाठी व्याख्यानं होतात, हार-तुरे होतात. कारकुनांनी सतरंज्या घालायच्या आणि चहा सांगायचा. त्याच सभागृहात मागच्या खुर्च्यांवर आम्हाला बसवलं असतं तरी अर्धं काम झालं असतं.

केरळनं २००३ मध्ये वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचा वेगळा कायदा केला. निधी हवाच. पण निधी म्हातारपणी कामाला येतो. नव्या पोराची भाकरी हातातल्या कामावर आहे. आणि त्याला इंग्रजी संभाषणाचा किंवा व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग नको, तसल्या वर्गांच्या पत्रकांनी बाररूमच्या भिंती भरल्यात. त्याच्यापुढं खऱ्या नकलेचा मागचा शिक्का ठेवा आणि म्हणा, मोज मुदत. फायलिंग विभागातून निवृत्त झालेल्या शिरस्तेदारांना बोलवा. नेहमी निघणाऱ्या त्रुटी त्यांच्या तोंडावर आहेत आणि बोलायची हौसही आहे. पोरांनी जुन्यांना पोर्टल शिकवावं, जुन्यांनी पोरांना रोजनामा वाचायला शिकवावं.

पैसे कुणी द्यायचे? साहेबांनीच. चुकलेल्या मुदतीपेक्षा ते स्वस्त पडेल, हा हिशेब वकिलाला कारकुनानं समजावायची गरज नसावी. वर्ग शनिवारी दुपारी ठेवावा. सोमवारच्या बोर्डाची तयारी आम्ही रविवारी करू, तशी ती आजही रविवारीच होते.