घरातील यंत्रे : आधी बेरीज, मग खरेदी

आमच्या जुन्या संगणकात आम्ही नवे ग्राफिक्स कार्ड बसविले आणि कामाचा ताण येताच तो अचानक बंद पडू लागला. वडिलांची सारी पत्रे त्याच्याच डिस्कवर! दुकानदाराने मदरबोर्ड बदलावयास सांगितले. आम्ही आधी जुने कार्ड पुन्हा बसविले. संगणक दिवसभर बिनतक्रार चालला. मग वीज पुरविणाऱ्या पेटीवरील, म्हणजे एसएमपीएसवरील, चिठ्ठी वाचली. ठळक आकडा ३०० वॅटचा. परंतु १२ व्होल्टच्या वाहिनीवर १५ अँपिअर, म्हणजे अवघे १८० वॅट. प्रोसेसरची गरज ९५, नव्या कार्डाची १२० : बेरीज २१५! अधिक क्षमतेची पेटी बसविताच तक्रार मिटली.

वाचकहो, ही बेरीज खरेदीपूर्वीच करावी. पेटी मात्र उघडू नये. वीज तोडल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार उरतो.