'यस सर' म्हणणारा वर्ग

परदेशी स्वयंसेवक शिक्षकांविषयी जे वाचायला मिळते ते बहुधा त्यांनीच लिहिलेले असते. धूळ, ऊन, बादलीभर पाण्यात आटोपलेली आंघोळ आणि मुलांचे निर्मळ हास्य ही त्यातली सामग्री ठरलेली. काही वर्षांपूर्वी उत्तर नामिबियात, ओन्दांग्वापासून आत असलेल्या एका खेड्यात आम्ही एक शालेय वर्ष शिकवले, तेव्हा हे सारे आमच्याही वाट्याला आले. पण त्याचे कवतिक येथे करायचे नाही.

त्या भागात सकाळी वाटेत भेटेल त्याला 'वा लाला पो?', म्हणजे 'झोप नीट झाली ना?', असे विचारल्यावाचून पुढे जाणे हा उद्धटपणा असतो. पहिल्या आठवड्यात घड्याळ पाहत तरातरा शाळेत जाणारे आम्ही त्यामुळे उद्धट ठरलो. वडीलधाऱ्या बाईला 'मेमे' म्हणायचे, पुरुषाला 'ताते'. जेवणात महांगू, म्हणजे आपली बाजरीच; तिची घट्ट उकड हाताने मोडून कालवणात बुडवायची. (बाजरीची भाकरी थापून दाखवण्याचा आमचा प्रयोग शेजारणींनी पोट धरून हसत पाहिला.)

हे सगळे महिन्याभरात अंगवळणी पडले. वर्ग मात्र पडला नाही.

नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला. दक्षिण आफ्रिकेच्या राजवटीशी जोडली गेलेली आफ्रिकान्स नको, आणि देशातल्या कोणा एका समाजाची भाषा इतरांवर लादणेही नको, म्हणून राज्यघटनेने इंग्रजी ही एकच राजभाषा ठरवली. पहिली तीन वर्षे मुले मातृभाषेत शिकतात, चौथीपासून इंग्रजी येते. निर्णयामागचा विचार समजण्याजोगा आहे. त्याची किंमत कोण मोजते, ते आम्हांला सातवीच्या वर्गात बाष्पीभवन शिकवताना दिसले.

किटली, वाफ, फळ्यावर आकृती, सावकाश उच्चारलेली सोपी वाक्ये. 'समजले का?' 'यस सर!' दुसऱ्या दिवशीच्या उत्तरपत्रिकांत फळ्यावरचेच वाक्य, तेही अर्धवट. मागे बसलेल्या आमच्या सहकारी बाई उठल्या आणि ओशिन्डोंगात दोन-तीन वाक्ये बोलल्या. पावसाळ्यात शाळेपुढच्या ओशानात, म्हणजे त्या सपाट उथळ पाणथळीत, तुम्ही मासे धरता. ते पाणी ऑगस्टपर्यंत जाते कोठे? वर्गात एकदम हात वर झाले. मुलांना बाष्पीभवन आमच्याहून अधिक ठाऊक होते. ठाऊक नव्हता तो केवळ आमचा शब्द.

तरीही लौकिक आमचाच. मुलांची भाषा येत नसल्यामुळे सतत इंग्रजीत बोलणारा परका शिक्षक 'चांगला', आणि मुलांच्या भाषेचा आधार घेणारी बाई इंग्रजीत 'कच्ची'. बाहेरून कोणी तपासणीला आले की बाई निमूटपणे इंग्रजीवर येत आणि वर्ग मुका होई. आमचे अज्ञान हीच आमची गुणवत्ता ठरत होती, आणि खरे सांगायचे तर ते आम्हांला बराच काळ गोडही वाटले.

गणित-विज्ञानाला शिक्षक कमी पडतात हे खरे. बारावीची परीक्षा आणि विंडहूकमधली नोकरी इंग्रजीशिवाय नाही, हेही खरे. पालकांचा आग्रह आम्ही मूर्खपणाचा मानत नाही. शिवाय आपल्या गावांतल्या मराठी शाळा ओस पाडून आम्ही ओवाम्बो आईबापांना मातृभाषेचे महत्त्व सांगावे, यात विनोद आहेच. तरी आमचे मत असे की, स्वयंसेवकाला स्थानिक शिक्षकाच्या जागी उभे न करता त्याच्या शेजारी उभे करावे. पहिले काही महिने त्याने भाषा शिकावी, आणि त्या काळात त्याला वर्ग सोपवू नये. एका वर्षासाठी येणाऱ्याला हे परवडणार नसेल, तर त्याने निदान दोन वर्षांसाठी यावे.

डिसेंबरात निघताना आम्ही टाचणवह्या बाईंच्या हवाली केल्या. त्यांनी त्या चाळल्या, आभार मानले आणि विचारले, जानेवारीत तुमच्या जागी जो येणार आहे, त्याला आमची भाषा येते का?

आम्हांला त्याचे नावही सांगण्यात आले नव्हते.