थार उचलताय? आधी चाकांचे कोन पाहा

नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी तीन दारांची महिंद्रा थार मुळातच जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आहे. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांतील चिखलवाटांना एवढी उंची बहुधा पुरते. खरी अडचण टायरच्या पकडीची असते. तरीही स्वस्त स्पेसर टाकून गाडी उचलली जाते. त्याने पुढच्या चाकांचे कॅम्बर, कॅस्टर, टो हे कोन बदलतात. टो बिघडला की टायर झिजतात. कॅस्टर घटला की मुंबई-आग्रा महामार्गावर वेगात स्टिअरिंग सैल वाटते. केवळ टो जुळवून कॅस्टर सुधारत नाही. त्यासाठी ॲडजस्ट होणारे अपर आर्म लागतात. शिवाय, नियमबाह्य बदलाला कलम १८२-अ नुसार प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे पहिला खर्च चांगल्या टायरवर आणि अलाइनमेंटवरच व्हावा.