मूळ संहिता कोणाकडे आहे?

आमच्या विभागात एक बोलीशब्दसंग्रह आहे. २०१० साली एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी गावोगावी हिंडून जमवलेले शब्द, त्यांचे अर्थ आणि बोलण्यातली वाक्ये त्यात आहेत. तो ब्राउझरमध्ये पाहता यावा म्हणून एका माजी विद्यार्थ्याने हौसेने एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. वर्षानुवर्षे तो बिनबोभाट चालला. मग एकदा एका विद्यार्थिनीने दाखवून दिले की संग्रहात 'काळ' हा शब्द 'काल'च्या पाठोपाठ येतो आणि 'कावड', 'काहूर' त्याच्या नंतर. मराठी कोशांच्या परंपरेत 'ळ' येतो 'ह'नंतर. युनिकोडने मात्र 'ळ'ला 'ल'च्या लगेच पुढचा क्रमांक दिला आहे आणि प्रोग्रॅम निमूटपणे त्या क्रमांकांनुसार शब्द लावत होता.

संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने सर्व्हरवरची फाइल उघडली, बराच वेळ खपून नेमकी जागा शोधली आणि दुरुस्ती केली. 'काळ' जागेवर आला. आम्ही समाधान पावलो. पण दुसऱ्या दिवशी तक्रार आली की दुसऱ्या ब्राउझरमध्ये चूक तशीच आहे. प्राध्यापक कक्षातल्या संगणकावर तर त्याच ब्राउझरमध्येही ती तशीच होती. एकच ग्रंथ, आणि वाचणाऱ्यागणिक पाठ निराळा! पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा; पण तो आमच्याच कपाटातून असा समोर येईल असे वाटले नव्हते.

शोध घेता कळले की आम्ही ज्याला 'प्रोग्रॅम' म्हणत होतो ती मूळ संहिता नव्हतीच. ते भाषांतर होते. मूळ लेखन जावा या भाषेतले, आणि ब्राउझरला समजते ती जावास्क्रिप्ट. दोन्ही भाषा १९९५ सालच्या. नावांत साम्य असले तरी कुळे वेगळी. जावात प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी सांगावा लागतो आणि पुष्कळशा चुका प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच पकडल्या जातात. जावास्क्रिप्ट सैल आणि समजूतदार. तिच्यात चूक उमगते ती वापरणाऱ्याच्या हातात गेल्यावर. गुगलने मे २००६ मध्ये 'गुगल वेब टूलकिट' हे साधन प्रसिद्ध केले, ते हा तिढा सोडवण्यासाठी. जावात लिहा, जावास्क्रिप्ट आमचा कंपायलर करून देईल. पुढे या साधनाचे 'जीडब्ल्यूटी' हे लघुरूपच रूढ झाले.

या भाषांतरकाराची एक खोड लक्षात घेतली की आमचे कोडे सुटते. त्या काळी निरनिराळे ब्राउझर एकाच आज्ञेचा अर्थ निरनिराळा लावत. म्हणून हा कंपायलर सर्वांसाठी एकच भाषांतर करीत नसे. प्रत्येक ब्राउझर-कुळासाठी आणि प्रत्येक वापरभाषेसाठी स्वतंत्र आवृत्ती काढी, आणि वाचणाऱ्याच्या हाती फक्त त्याची आवृत्ती पडे. आमच्या विद्यार्थ्याने त्यांपैकी एकाच आवृत्तीत दुरुस्ती केली होती. शिवाय या फाइलींची नावे त्यांच्या मजकुरावरूनच काढलेली असतात. मजकूर बदलला की नाव बदलणार, या भरवशावर ब्राउझर जुनी फाइल दीर्घकाळ जपून ठेवतो. हाताने मजकूर बदलला आणि नाव तेच राहिले, तर ब्राउझरला बदल कळणार कसा? प्राध्यापक कक्षातला संगणक वेडा नव्हता. तो नियमाने वागत होता. नियम आम्ही मोडला होता.

आमचे पहिले म्हणणे हे, की चूक भाषांतरात दिसली तरी ती तिथे दुरुस्त करायची नसते. पण ती मुळात शोधायची कशी? भाषांतर होताना पुष्कळ काही गळून पडते. मुळात लेखकाने एखाद्या कृतीला 'शब्दक्रम ठरव' असे बोलके नाव दिलेले असते. भाषांतरात त्याचे एक-दोन अक्षरांचे निरर्थक चिन्ह होते, कारण फाइल लहान हवी. वापरात नसलेले परिच्छेद वगळले जातात, लहान परिच्छेद मोठ्यांत विरघळवले जातात, लेखकाच्या टिपा पुसल्या जातात. उरते ती सलग, विरामाविना वाहणारी अक्षरांची भिंत.

त्याहून नाजूक गोष्ट अर्थाची. जावातला 'लाँग' हा पूर्णांक ६४ बिटांचा. जावास्क्रिप्टमधली नेहमीची संख्या ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. म्हणून कंपायलर एका संख्येचे तुकडे करून ती सांभाळतो. अर्थ टिकतो, वेग जातो. जावात रिकाम्या जागेला हात लावला की ठरावीक नावाचा अपवाद उठतो आणि लेखक त्याची आधीच तजवीज करू शकतो. भाषांतरात त्या अपवादाची खात्री नाही. तिथे जावास्क्रिप्टची स्वतःची, वेगळ्या नावाची तक्रार येते आणि तजवीज वाया जाते. एकाच वेळी अनेक धाग्यांत काम करण्याची जावाची सोय इथे नाही. 'सिंक्रोनाइज्ड' हा शब्द कंपायलर मुकाट्याने स्वीकारतो आणि त्याचा काहीही अर्थ लावत नाही. भाषा-भाषांचे वर्णक्रम जाणणारा जावाचा जो भाग आहे, तोही या भाषांतरात उपलब्ध नाही. 'काळ' चुकला तो इथे. लेखकाने साध्या तुलनेवर काम भागवले होते.

या चुका शोधण्याच्या पद्धतींचा इतिहास भाषांतरमीमांसेच्या कोणत्याही विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. आरंभीची पद्धत अशी होती की तपासणीच्या वेळी भाषांतर करायचेच नाही. जावा जावा म्हणूनच चालवायची आणि तिला ब्राउझरशी जोडून द्यायचे. डिसेंबर २००९ मधल्या २.० आवृत्तीपासून हे काम नेहमीच्या ब्राउझरमध्ये एक जोडभाग बसवून होऊ लागले. सोय मोठी होती. पण ती मूळ वाचून भाषांतराला प्रशस्तिपत्र देण्याची सोय होती. जी चूक भाषांतरातच जन्मते ती अशा वाचनात दिसणारच नाही. पुढे ब्राउझर बदलले. २०१४ च्या आरंभी फायरफॉक्सच्या २७ व्या आवृत्तीत हा जोडभाग चालेनासा झाला आणि २०१५ मध्ये क्रोमने अशा जोडभागांचे दारच बंद केले.

तोवर दुसरी वाट तयार झाली होती. २०१२ मधल्या २.५ आवृत्तीत आलेली आणि २०१४ मधल्या २.७ पासून प्रमुख ठरलेली ही पद्धत सांगते की भाषांतरच चालवा, पण सोबत एक नकाशा ठेवा. त्याला 'सोर्स मॅप' म्हणतात. भाषांतरातली ही ओळ, हे अक्षर, मुळातल्या कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीतून आले, याची ती नोंदवही असते. चालते ती जावास्क्रिप्ट, पण पडद्यावर तपासणाऱ्याला दिसते ती जावा. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये मूळ पर्वांचे संपादन पुरे झाले. तिच्या पानांवर खाली दिलेली पाठभेदांची दाट सूची विद्यार्थ्यांना भीतिदायक वाटते. आम्ही आता त्यांना सांगतो की वर छापलेल्या पाठाकडून हस्तलिखितांकडे जाणारी ती वाट आहे. ती काढून टाकली तर पान सुबक दिसेल, पण संपादकाशी वाद घालण्याचा तुमचा हक्क जाईल.

हा नकाशा मात्र त्या त्या भाषांतरापुरताच खरा असतो. कंपायलर पुन्हा चालवला की चिन्हे बदलतात आणि जुनी नोंदवही निरुपयोगी होते. म्हणून वाचणाऱ्याच्या हाती जी आवृत्ती गेली तिचीच नोंदवही जपावी लागते. नाहीतर त्याच्याकडून आलेला चुकीचा अहवाल कोणालाच उलगडत नाही.

आता सुधारित आवृत्तीविषयी. इथे लेखक गप्प बसला तरी भाषांतरकार बदलतो. मूळ संहितेतले एक अक्षर न हलवता नवा कंपायलर वापरला, की नवे भाषांतर निघते. तेही नव्याने तपासावे लागते. सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली आणि कोणाच्या ब्राउझरमध्ये जुने पान उघडे राहिले, तर दोघांची भाषा जुळत नाही. जीडब्ल्यूटीच्या स्वतःच्या संदेश-यंत्रणेत अशा प्रसंगासाठी खास अपवाद आहे. शहाणा लेखक तो ओळखतो आणि पान पुन्हा उघडण्याची विनंती करतो. जीडब्ल्यूटीच्या जुन्या लेखनात आणखी एक गंमत असे. जावाच्या टिपेच्या कंसात अस्सल जावास्क्रिप्ट लिहिण्याची मुभा होती. जावाच्या दृष्टीने ती नुसती टीप. भाषांतरात तीच जिवंत संहिता! २०१६ मधल्या २.८ आवृत्तीने यासाठी अधिक सरळ मार्ग दिला, आणि गुगलने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या 'जेटूसीएल' या नव्या कंपायलरने टिपेतली ही संहिता वाचणेच सोडले. ज्यांनी तळटिपांत मजकूर दडवला होता त्यांना तो वर काढावा लागला.

यावर आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? थेट जावास्क्रिप्टमध्येच लिहावे. ब्राउझर आता पूर्वीइतके भांडत नाहीत, कंपायलरची वाट पाहण्यात वेळ जातो, आणि दोन भाषा जाणणारा माणूस शोधावा लागतो. हे सारे खरे. पण थेट जावास्क्रिप्ट लिहिणारेही ती वापरणाऱ्यांकडे धाडण्यापूर्वी आक्रसून, एकत्र बांधून धाडतात. २०१२ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्टचे तर भाषांतरच करावे लागते. भाषांतर टळत नाही. उरतो तो प्रश्न एवढाच, की मुळाशी जाणारी वाट राखली आहे की नाही.

मूळ जपले तर काय साधते, याचे उदाहरण गुगलच्याच 'शीट्स'चे आहे. त्यातले गणित करणारे यंत्र जावात लिहिलेले, २००६ सालचे, आरंभी सर्व्हरवर चालणारे. २०१३ पासून ते ब्राउझरमध्ये चालू लागले; आधी जीडब्ल्यूटीच्या भाषांतराने, नंतर जेटूसीएलच्या. २०२४ मध्ये त्याच जावा संहितेवरून ते क्रोमसाठी 'वासमजीसी' या तिसऱ्याच लक्ष्यभाषेत नेल्याचे गुगलने सांगितले. भाषांतरे आली आणि गेली, भाषांतरकारही बदलले. मूळ हाताशी होते म्हणून प्रत्येक पिढीला आपले भाषांतर करता आले.

आणि आमच्याकडे मूळ नव्हते. ही उणीव त्या माजी विद्यार्थ्याची नव्हे, आमची. आम्ही वर्गात विचारतो की हे भाषांतर कोणत्या आवृत्तीवरून केले, थेट की इंग्रजीमार्गे. मुखपृष्ठामागे ती नोंद नसली की नाक मुरडतो. पण विद्यार्थ्यांनी जमवलेली एवढी शब्दसंपदा ज्या संहितेच्या आधारावर उभी होती तिची प्रत आम्ही मागून घेतली नव्हती. तो प्रोग्रॅम उद्या कायमचा बंद पडला असता, तर ज्या म्हाताऱ्या माणसांनी ते शब्द सांगितले त्यांच्यापैकी किती जणांकडे आम्हाला पुन्हा जाता आले असते?

सुदैवाने मूळ संहिता त्याच्या घरी एका जुन्या सीडीवर सापडली. नव्या कंपायलरवर ती आणायला दोन महिने लागले. आवृत्त्या एकेक पायरीने चढाव्या लागल्या आणि प्रत्येक पायरीवर संग्रह पुन्हा पाहावा लागला. प्रत्यक्ष चुकीची दुरुस्ती अगदी लहान होती: मराठी वर्णक्रमाची एक यादी आणि ती पाहणारी एक तुलना. ती मुळात केली आणि 'काळ' सर्व ब्राउझरांत एकदमच 'ह'च्या पुढे गेला.

आमची सूचना साधी आहे. महाविद्यालयासाठी कोणी असे काही करून दिले, की चालती वस्तू घेऊन थांबू नये. मूळ संहिता, ती कोणत्या कंपायलरने भाषांतरित केली याची नोंद आणि त्या भाषांतराचा नकाशा, ही तिन्ही ग्रंथालयात पुस्तकासारखी दाखल व्हावीत. आमच्या ग्रंथपालांना प्रथम हे विचित्र वाटले. आता त्या सीडीला आणि तिच्या प्रतीला दाखल क्रमांक मिळाला आहे.