साष्टीचा काळा दगड



गेल्या महिन्यात एका कामानिमित्त हैदराबादेस जाण्याचा योग आला आणि तेथील नल्लकुंटा या जुन्या वस्तीत एका ख्रिस्ती मराठी कुटुंबाकडे दोन दिवस मुक्काम घडला. कुटुंब मूळचे गोराईचे. घरात आजीबाई, त्यांचा मुलगा, सून आणि चौथीत शिकणारा नातू. मुलाच्या नोकरीपायी ही मंडळी तिकडे स्थायिक झाली आहेत. तथापि घरात बोलणे मराठीच आणि डब्यात मसालाही बाटलीचाच.

तेलुगू भाषेत नल्ल म्हणजे काळे आणि कुंटा म्हणजे लहानसे तळे. तळे कधीकाळी काळे असेलही. परंतु त्या मुलखातील दगड मात्र काळा नाही. उस्मानिया विद्यापीठाच्या अंगास थोडे चालत गेले की करड्या-गुलाबी रंगाचे प्रचंड गोटे एकावर एक रचून ठेवावेत तसे दिसतात. आजीबाईंच्या स्वयंपाकघरात मात्र एक काळाभोर पाटा-वरवंटा आहे. बोरिवलीच्या बाजारात घेतलेला हा पाटा त्यांनी गोणपाटात गुंडाळून रेल्वेने नल्लकुंट्यास आणला. घरात विजेचे यंत्र असूनही सणाचा मसाला त्यावरच वाटला जातो. नातवाने मला विचारले, “फादर, इथले सगळे दगड गुलाबी आहेत, मग आजीचा पाटाच काळा का?”

मी तोंड उघडण्यापूर्वीच आजीबाई म्हणाल्या, “आपल्या गावचा दगड काळाच असतो.”

उत्तर खरे होते, पण मुलाचे समाधान झाले नाही. म्हणून त्याला जे सांगितले, तेच थोडे विस्ताराने आज आपणांपुढे ठेवीत आहे. कारण साष्टीत जन्मून साष्टीतच वाढलेल्या आपल्या पुष्कळ लोकांनाही आपण एका बेटावर राहतो, आणि तेही अग्नीतून निपजलेल्या बेटावर, याची आठवण राहिलेली नाही.

मुंबईहून हैदराबादेस जाणारी गाडी या गोष्टीचा पहिला धडा देते. सोलापूर मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर काळा दगड आणि काळी माती. पुढे शहाबाद, वाडी, तांडूर या टापूत दगड फरशीसारखा पातळ थरांचा होतो. आपल्या ओट्यांवर आणि अंगणांत बसविलेली शहाबादी ती हीच. विकाराबादच्या डोंगरात काळा दगड पुन्हा एकदा डोके वर काढतो, आणि त्यानंतर हैदराबादचा ग्रॅनाइट सुरू होतो. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. आपला काळा दगड त्यापुढे अगदी तान्हा म्हणावा लागेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीस भेगा पडून वितळलेला लाव्हारस बाहेर आला, थरांवर थर साचले, आणि त्यांतून सह्याद्री व महाराष्ट्राचे बहुतेक पठार घडले. विकाराबादच्या आसपास त्या प्रवाहांची पूर्वेकडील एक कड संपते.

ज्वालामुखीचे बेट म्हटले की समुद्रातून वर आलेले धुमसते शिखर डोळ्यांपुढे येते. तसे जागृत बेट आपल्या देशात अंदमानच्या समुद्रातील बॅरन हे एकच. साष्टी तसे नव्हे. येथील खडक पठारावरील मुख्य लाव्ह्याहूनही थोडे तरुण, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांचे आहेत. त्या काळी आपला पश्चिम किनारा फाटत होता आणि आज दूर हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटे त्यापासून सुटी होत होती. या ओढाताणीत किनाऱ्याकडील थर समुद्राच्या बाजूस कलले. पठारावर ते फरशीसारखे आडवे आहेत, तर मुंबईच्या बाजूस उतरत्या छपरासारखे तिरपे. या सर्व काळात आग अखंड ओकली जात होती असेही नव्हे. मध्ये शांततेची वर्षे येत, उथळ तळी साचत. अशाच एका तळ्यातील इवल्याशा बेडकांचे अवशेष वरळीच्या टेकडीत दोन थरांच्या मध्ये सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे समुद्राने आणि खाड्यांनी या भूमीचा तुकडा वेगळा केला: उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची, दक्षिणेस माहीमची, पश्चिमेस अरबी समुद्र. सहासष्ट गावे म्हणून साष्टी. गोव्यातही याच नावाचा प्रांत आहे, आणि त्यामुळे जुने कागद वाचताना पुष्कळांची फसगत होते.

१८०३ साली शीवचा आणि १८४५ साली माहीमचा बांध पुरा झाला, १८५३ साली आगगाडी ठाण्यास पोहोचली, आणि बेट असल्याची भावना हळूहळू ओसरली. आज वांद्र्याहून बोरिवलीस जाणाऱ्यास आपण बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात आहोत असे मुळीच वाटत नाही.

तरीही पायी हिंडून पाहावे. वांद्र्याचे मोत माउलीचे चर्च एका टेकडीवर आहे. सप्टेंबरच्या जत्रेत आपण ती चढतोच. पण टेकडी उतरून १६४० साली बांधलेल्या पोर्तुगीज किल्ल्याच्या बाजूने ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेल्यास काळ्या खडकाचे पट्टे समुद्रात शिरताना दिसतात. मागे रानवार, पाली, शेर्ली, चिंबई या गावठाणांच्या गल्ल्या अजून उभ्या आहेत. कित्येक नाक्यांवरचे क्रूस १८९६ च्या प्लेगाच्या साथीनंतर लोकांनी नवसाने उभारलेले. जुहूविषयी मी काही लिहीत नाही. ते सर्वांनी पाहिले आहे.

अंधेरीस मात्र थांबले पाहिजे. तेथील गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारे ६१ मीटर उंचीचा काळ्या दगडाचा उभा सुळका आहे, आणि जवळ जाऊन पाहिल्यास तो शेकडो खांब एकमेकांस चिकटवून उभे केल्यासारखा दिसतो. हे कोणा पाथरवटाचे काम नव्हे. उन्हाळ्यात भाताच्या खाचरातील चिखल सुकताना त्यास पाच-सहा कोनांच्या भेगा पडतात, हे आपण शेतकऱ्यांनी पाहिलेलेच आहे. जाड लाव्हारस सावकाश थंड होताना असाच आकसतो; त्याच्या भेगा पृष्ठभागापासून काटकोनात आत आत जातात आणि सबंध थराचे खांब होतात. कर्नाटकात मालप्याजवळील सेंट मेरीज बेटांवर असेच खांब आहेत, आणि ते पाहण्यास लोक नावेतून जातात. आपली टेकडी पाहण्यास रिक्षा पुरते, म्हणूनच की काय, आपण जात नाही. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. सभोवतालचा डोंगर खडीसाठी फोडला गेला. हा सुळका तेवढा शिल्लक राहिला. २००७ साली महापालिकेने त्यास वारशाच्या यादीत घातले, परंतु इमारती पायथ्याशी जवळजवळ टेकल्या आहेत.

बेटाच्या मध्यभागी कान्हेरीचा डोंगर. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, या नावावरून कान्हेरी. बौद्ध भिक्षूंनी सुमारे हजार वर्षे या खडकात शंभराहून अधिक लेणी कोरली, आणि लेण्यांपाशी पावसाचे पाणी साठविण्याची टाकी खोदली. त्यांच्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खडकात जिरत नाही तोच त्यास वाट करून दिली की तो वर्षभर पुरतो, हे त्यांनी ओळखले होते; आणि १८६० चा विहार तलाव व १८७९ चा तुळशी तलाव यांच्या मागेही दुसरे काही गूढ नाही. बोरिवलीजवळील मंडपेश्वरची गोष्ट आणखी वेगळी. शिवाचे लेणे, पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन संन्याशांनी त्याचे केलेले प्रार्थनालय, वर त्यांच्या मठाचे अवशेष, आणि आता पुन्हा लेण्यात शिवाची पूजा. एका भिंतीवर कोरलेला क्रूस अद्याप दिसतो. दगड तोच राहिला.

येथवर सर्व काळे. परंतु मालाडला पोहोचले की रंग पालटतो. कुरार व खारोडी या गावांच्या खाणींतून पिवळसर दगड निघे. तोही ज्वालामुखीचाच, मात्र वाळूच्या घटकाने अधिक संपन्न, म्हणून फिकट. मुंबईतील वस्तुसंग्रहालयाच्या भव्य इमारतीत हा मालाडचा पिवळा दगड आणि कुर्ल्याचा करडा दगड एकत्र दिसतात. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड खारोडीचा. शहराची शोभा पाहून आपण माना वर करतो, तेव्हा तो आपल्याच गावचा डोंगर आहे हे ध्यानात येत नाही. डोंगर गेला त्या जागी खड्डे राहिले, आणि आता खड्ड्यांवर इमले आहेत.

मालाडहून पश्चिमेस मढकडे जाणारा रस्ता मला सर्वांत प्रिय. अक्सा येथील वाळू दिसण्यात सुंदर, पण तिच्याखालचा ओढ दगाबाज. पोहणाऱ्या तरुणांना मी येथे पुन्हा एकदा बजावतो. पुढे एरंगळ. १५७५ सालचे सेंट बोनाव्हेंचरचे चर्च तेथे अक्षरशः वाळूच्या काठावर उभे आहे. जानेवारीतील दुसऱ्या रविवारच्या सणास कोळी, आगरी, ख्रिस्ती, हिंदू असा सगळा किनारा तेथे लोटतो. पूर्वी बैलगाड्यांतून येत, आता बसने. मार्वेच्या धक्क्यावरून नावेने पाच-दहा मिनिटांत खाडीपलीकडे मनोरी. येथून उत्तनपर्यंतचा पट्टा म्हणजे धारावी बेट, साष्टीच्या कुशीतील धाकटे भावंड. मनोरीस वाळू आणि ताडाची झाडे, गोराईस भाताची शेते व भाजीचे मळे, खाडीच्या अंगास चिखल आणि तिवरांचे रान, आणि उत्तनला बांबूंच्या मांडवांवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या माळा. दहा-पंधरा किलोमीटरांत एवढी विविधता! उत्तनजवळील डोंगरी येथील खडक हात लावून पाहावा. फिकट, कित्येक ठिकाणी जवळजवळ पांढुरका. दख्खनची आग विझत आली होती त्या काळचा तो दगड. शास्त्रज्ञांनी त्याचे वय मोजून पाहिले आहे.

या पट्ट्यातील विहिरी हे माझे जुने आश्चर्य. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीस गोडे पाणी! पावसाचे पाणी वाळूतून व खडकाच्या भेगांतून मुरते, आणि गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. हे साठवण फार नाजूक. पंप लावून दिवसरात्र उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि मग ते लवकर उतरत नाही. तसेच वाळूचे. किनाऱ्यावरील वाळू बांधकामासाठी उचलली की भरती एक पाऊल आत येते. तसेच तिवरांचे, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला वाट नसलेल्या बेटाची काय गत होते ते आपण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाहिले.

हे सर्व मुलास सांगून झाले. रात्री जेवणानंतर आजीबाई हळूच मुद्द्यावर आल्या. गोराईची वडिलोपार्जित जमीन, थोडे भातशेत आणि विहिरीसह एक वाडी, विकावी असे त्यांच्या भावांचे म्हणणे आहे. गिऱ्हाईक तयार आहे, रक्कम मोठी आहे, फक्त बहिणीची सही हवी. “फादर, भाऊ म्हणतात, तू तर तिकडे हैदराबादला, तुला काय करायची जमीन? त्यांचंही चुकत नाही. सही करू का?”

वाचकहो, असे प्रश्न मला धर्मग्रामातही वारंवार विचारले जातात. भावांची ओढग्रस्त मला ठाऊक आहे. एका घरात आजारपण आहे, दुसऱ्या घरात मुलीचे शिक्षण. जमीन राखा असे दुसऱ्याच्या घरात बसून सांगणे फार सोपे असते. मी तसे सांगितले नाही. त्यांच्या वाट्याचा कागद एका जाणत्या वकिलाकडून वाचून घ्यावा आणि विहीर व वहिवाटीचा रस्ता यांविषयी कागदात काय लिहिले आहे ते पाहावे, एवढे सुचविले. आणि विचारले, “बाय, नातवाने ती वाडी पाहिली आहे का?”

पाहिली नव्हती. तो दोन वर्षांचा असताना एकदा गेला होता, ते त्यास आठवत नाही.

मुलगा कोपऱ्यात वही घेऊन बसला होता. त्याने मार्वे, मनोरी, गोराई, उत्तन अशी नावे क्रमाने लिहिली होती, आणि उत्तनपुढे कंसात ‘पांढरा दगड’ अशी टीप. जानेवारीत एरंगळच्या सणास सर्वांनी यावे, तेथून नावेने गोराईस जावे, असे तेथल्या तेथे ठरले. सुनेने रजेचा हिशेब केला, मुलाने तिकिटांचे पाहतो म्हटले. डोंगरीचा दगड आणायला परवानगी आहे का, असे नातवाने विचारले. लहानसा असेल तर हरकत नाही, असे मी म्हणालो.

आजीबाईंनी भावांना कळविले आहे, की सहीचे जानेवारीनंतर बोलू.